एक पट्टी लगेच, आठवड्याची यादी मात्र तासाने: इंडेक्समधल्या कीज ओळीने कशा वाचतात

बाजार समितीच्या खिडकीवर हिशोबपट्टीचा (माल विकल्याच्या पावतीचा) नंबर सांगितला की पट्टी लगेच पडद्यावर येते. त्याच खिडकीवर सोमवार ते शुक्रवारची सगळी आवक ओळीने मागून बघा. कॉम्प्युटर तोच, डिस्क तीच, माहितीही तीच, पण उत्तर येतं, "सर्व्हर स्लो आहे, जेवून या." पतसंस्थेत खातेउतारा मागताना किंवा गॅस एजन्सीत जुन्या पावत्या मागतानाही हेच ऐकायला मिळतं.

सर्व्हर खरोखर स्लो असू शकतो. पण बऱ्याचदा त्या बिचाऱ्याचा दोष नसतो, प्रोग्रामची वाचायची पद्धत चुकलेली असते. एक नोंद शोधणं आणि हजार नोंदी क्रमाने वाचणं ही डेटाबेसच्या दृष्टीने दोन निराळी कामं आहेत. दुसरं काम सी भाषेत करायचं तर प्रत्येक पाऊल स्वतःच्या हाताने टाकावं लागतं, त्यामुळे आत काय घडतं ते तिथे लख्ख दिसतं. कॉलेजात सहसा बी-ट्री, म्हणजे इंडेक्सची झाडासारखी रचना, कागदावर काढायला शिकवतात. त्यातून चालायचं कसं, हे नोकरीला लागल्यावर कळतं.

आठ-अ आणि सातबारा

गावातल्या प्रत्येक गटाची सविस्तर नोंद सातबाऱ्यावर असते. पण अमुक खातेदाराच्या नावावर कुठले कुठले गट आहेत, हे सातबारे चाळून शोधायचं म्हटलं तर दिवस मोडेल. त्यासाठी आठ-अ असतो. तो खात्यानुसार लावलेला असतो आणि त्यात गट नंबर मिळतात. ते नंबर घेऊन सातबाऱ्याकडे जायचं.

डेटाबेसचा इंडेक्स हा असाच आठ-अ. ज्या मूल्यावरून शोधायचं त्याला की म्हणतात. इंडेक्समध्ये कीज क्रमाने लावलेल्या असतात आणि प्रत्येक कीसमोर मूळ नोंद, किंवा ती कुठे ठेवली आहे त्याचा पत्ता असतो. आता खाते क्रमांक ४० ते ६० वाचायचे आहेत. ४० वाचून झालं की नोंदवही मिटायची आणि ४१ साठी पुन्हा पहिल्या पानापासून शोधायला लागायचं, असं करणारा तलाठी कुणी पाहिला नसेल. कितीतरी प्रोग्राम मात्र नेमकं हेच करतात, आणि "जेवून या"चं मूळ तिथे असतं.

तीन पानांत चाळीस लाख

उदाहरण पक्कं करून घेऊ. की १० बाइटांची: बाजाराचा कोड २ बाइट, तारीख ४, पट्टी नंबर ४. कीसमोरची माहिती २२ बाइटांची: खातेदार क्रमांक ८, व्यापारी ४, किलोतलं वजन ४, भाव ४ आणि माल कुठला (उन्हाळ, लाल की गोल्टी कांदा) यासाठी २. डेटाबेस म्हणून एलएमडीबी धरू. ही सी मध्ये लिहिलेली छोटेखानी लायब्ररी २०११ मध्ये हॉवर्ड चू यांनी ओपनएलडॅप या डिरेक्टरी सर्व्हरसाठी केली.

एलएमडीबी फाइलमधली माहिती पानांत ठेवते. एक पान सहसा ४०९६ बाइटांचं असतं आणि त्यातले १६ बाइट पानाच्या स्वतःच्या नोंदीला जातात. प्रत्येक की-माहिती जोडीला ८ बाइटांचं शीर्ष आणि २ बाइटांचा निर्देशांक लागतो. म्हणजे एका जोडीला ४२ बाइट झाले, आणि एका पानात ९७ जोड्या बसल्या. ही झाली सगळ्यात खालची, तळाची पानं. वरच्या पानांत माहिती नसते. तिथे फक्त "या कीपासून पुढचं सगळं त्या पानाखाली" एवढंच लिहिलेलं असतं. अशी नोंद २० बाइटांत मावते, म्हणून वरच्या एका पानाला २०४ फाटे फुटतात.

आता गुणाकार करा. वर एक पान, त्याखाली २०४, त्या प्रत्येकाखाली आणखी २०४ आणि तळाच्या प्रत्येक पानात ९७ जोड्या. होतात ४०,३६,७५२. सगळी पानं गच्च भरलेली कधीच नसतात, पण अंदाज येतो. चाळीसेक लाख पट्ट्यांतली कुठलीही एक पट्टी तीन पानं उघडून सापडते. ही बी-ट्री रचना १९७० च्या सुमारास बोइंगच्या संशोधन प्रयोगशाळेत रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅकक्रेट यांनी मांडली. इथे वर्णन केलेला, सगळी माहिती तळाला ठेवणारा प्रकार बी-प्लस ट्री म्हणून ओळखला जातो.

आठवड्यात ५,००० पट्ट्या झाल्या असं धरा. प्रत्येक पट्टी स्वतंत्र शोधली तर १५,००० वेळा पान उघडावं लागेल. पहिली शोधून तिथून ओळीने पुढे गेलं, तर तळाची ५२-५३ पानं आणि वरची दोन-चार, एवढ्यात काम संपतं. फरक तिथे पडतो.

कर्सर: एकदा शोधायचं, मग फक्त पुढे

आपण इंडेक्समध्ये नेमके कुठे उभे आहोत हे लक्षात ठेवणाऱ्या वस्तूला कर्सर म्हणतात. एलएमडीबीत तो वापरायचा क्रम असा. एन्व्हायर्नमेंट (डेटाबेसची फाइल) उघडायचं, फक्त वाचण्यासाठीचा ट्रान्झॅक्शन (एकसंध धरला जाणारा व्यवहार) सुरू करायचा, त्यात डेटाबेस उघडायचा आणि त्यावर कर्सर. मग एमडीबी_कर्सर_गेट हे फंक्शन "सेट रेंज" सांगून बोलवायचं आणि सोबत सुरुवातीची की द्यायची. सेट रेंजचा अर्थ असा: ही की असेल तर तिच्यावर उभा राहा, नसेल तर तिच्याहून मोठ्या अशा पहिल्या कीवर. सोमवारची पहिली पट्टी १ नंबरचीच असेल असं नाही, म्हणून ही सोय. पट्टी नंबर शून्य घालून की बनवायची, सेट रेंज बरोबर जागेवर नेऊन ठेवते. त्याऐवजी नुसता "सेट" दिला तर तंतोतंत तीच की हवी असते. शून्य नंबरची पट्टी नसतेच, मग "नॉट फाउंड" येतं आणि सोमवारी काही विकलंच गेलं नाही असा समज होतो.

त्यानंतर तेच फंक्शन "नेक्स्ट" सांगून पुन्हा पुन्हा बोलवायचं. ते शून्य परत करतं तोवर की आणि माहिती हातात मिळत राहते.

कर्सर एका तळाच्या पानावरून पुढच्या पानावर कसा जातो? पुस्तकांत तळाची पानं एकमेकांना साखळीने जोडलेली दाखवतात, आणि बर्कली डीबी या दुसऱ्या लायब्ररीत ती तशी असतातही. एलएमडीबीत साखळी नाही. तिथे बदललेलं पान जुन्या जागी न लिहिता नव्या जागी लिहितात. साखळी असती तर एक पान हललं की त्याच्या शेजाऱ्यातला पत्ता बदलावा लागला असता, मग त्याच्या शेजाऱ्यातला, आणि एका पट्टीपायी अख्खी रांग पुन्हा लिहावी लागली असती. म्हणून कर्सर वरपासून खालपर्यंतची वाट लक्षात ठेवतो. पान संपलं की एक पायरी वर जातो, पुढचा फाटा धरतो आणि खाली उतरतो. ९७ नोंदींमागे एकदाच हे घडतं, त्यामुळे खर्च जाणवत नाही.

थांबायचं आपण

कर्सरला शुक्रवार माहीत नसतो. तो शनिवारात जाईल, मग सोमवारात, आणि या बाजाराच्या नोंदी संपल्या की पुढच्या कोडच्या बाजारात शिरेल. "एवढा कांदा आला कुठून?" असं विचारायला लावणारे तक्ते इथे जन्मतात. म्हणून प्रत्येक नेक्स्टनंतर हातात आलेली की वरच्या मर्यादेशी ताडून बघावी लागते.

मर्यादा "शुक्रवारची शेवटची पट्टी" अशी ठेवू नका, कारण ती कुठली ते आधी शोधावं लागेल. "शनिवारच्या शून्य नंबरच्या पट्टीपेक्षा लहान" अशी ठेवा. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी एकाच आकड्यात असेल तर महिनाअखेरही अडत नाही. २०२५०१३१ च्या पुढची मर्यादा म्हणून २०२५०१३२ चालते. अशी तारीख पंचांगात नसली तरी तुलनेला तिचं काही वाटत नाही.

शून्याखेरीज काहीही परत आलं की यादी संपली, असं समजणारे प्रोग्राम पुष्कळ दिसतात. यादी खरोखर संपल्याची खूण एकच, नॉट फाउंड, आणि एलएमडीबीत तिचा आकडा उणे ३०७९८ आहे. फिरणं थांबल्यावर आकडा तपासा. तो दुसराच निघाला तर वाचताना बिघाड झाला आहे आणि तक्ता अर्धवट आहे. अर्धवट तक्ता दिसायला पूर्ण तक्त्यासारखाच असतो, खाली बेरीजसुद्धा छापून येते.

ताज्या नोंदी आधी हव्या असतील तर उलट चालायचं: वरच्या मर्यादेवर सेट रेंज करायचा आणि मग "प्रिव्हियस". यात एक खड्डा आहे. आजच्या पुढची एकही नोंद अजून झालेली नसेल, तर मर्यादेहून मोठी की मिळत नाही आणि सेट रेंज नॉट फाउंड म्हणतो. प्रोग्राम तिथेच थांबतो आणि सगळ्यात नवा दिवस रिकामा दिसतो. जुन्या दिवसांवर चाचणी घेणाऱ्याला हे कधीच सापडत नाही. अशा वेळी "लास्ट" सांगून शेवटच्या कीवर जायचं आणि तिथून मागे यायचं.

क्रम आकड्यांचा नाही, बाइटांचा

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक इथे होते, म्हणून जरा सावकाश.

एलएमडीबीला तुमच्या कीमध्ये तारीख आहे की नाव, याची कल्पना नसते. सांगितलं नाही तर ती दोन कीज सीच्या मेमसीएमपी या तुलनेच्या फंक्शनसारख्या ताडते, म्हणजे पहिला बाइट पहिल्याशी, तो सारखा असेल तर दुसरा दुसऱ्याशी. सगळे सारखे निघाले तर लांबीने लहान की आधी. बर्कली डीबीच्या बी-ट्रीचंही तेच.

आपल्या टेबलावरचे जवळपास सगळे कॉम्प्युटर आकड्याचा सगळ्यात लहान बाइट आधी ठेवतात. चार बाइटांतला १ मेमरीत १, ०, ०, ० असा पडतो, आणि २५६ पडतो ०, १, ०, ० असा. बाइटाने ताडलं तर २५६ आधी आणि १ नंतर. पट्टी नंबर जसाच्या तसा कीमध्ये टाकला आणि १ ते ६०० पट्ट्या ओळीने वाचल्या, तर क्रम येतो २५६, ५१२, १, २५७, ५१३, २, २५८... गंमत म्हणजे दिवसाला २५६ पेक्षा कमी पट्ट्या असतील तोवर सगळं बरोबर दिसतं. उन्हाळ कांद्याची आवक वाढते आणि तक्ता बिघडतो. मग "गर्दीत सॉफ्टवेअर गडबडतं" अशी समजूत होऊन बसते.

उपाय साधा आहे. आकडा कीमध्ये टाकण्यापूर्वी मोठा बाइट आधी येईल असा उलटवायचा. चार बाइटांसाठी एचटीओएनएल आणि दोन बाइटांसाठी एचटीओएनएस ही तयार फंक्शन्स आहेत, वाचताना त्यांची जोडीदार एनटीओएचएल आणि एनटीओएचएस. उणे आकडे असतील तर शिवाय सगळ्यात वरचा बिट उलटा करायचा, नाहीतर उणे एक सगळ्यांच्या शेवटी जाऊन बसतो.

दुसरी चूक स्ट्रक्टची, म्हणजे अनेक रकाने एकत्र बांधणाऱ्या सीच्या रचनेची. दोन बाइटांचा कोड आणि त्यामागे चार बाइटांची तारीख असं स्ट्रक्ट लिहिलं, की कंपायलर मध्ये दोन बाइट मोकळे सोडतो, कारण चार बाइटांचा आकडा चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावर सुरू झालेला त्याला हवा असतो. दहाचं स्ट्रक्ट बाराचं होतं आणि त्या दोन मोकळ्या बाइटांत आधीचा कचरा तसाच राहतो. तीच पट्टी एकदा एका कचऱ्यासह लिहिली आणि दुसऱ्या कचऱ्यासह शोधली, तर ती सापडत नाही. त्यापेक्षा दहा बाइटांचा साधा ॲरे घ्यावा आणि कोड ०, तारीख २ आणि पट्टी नंबर ६ या जागांवर मेमसीपीवायने (बाइट जसेच्या तसे उतरवणाऱ्या फंक्शनने) ठेवावा. मग तिथे काय पडलं आहे याबद्दल शंका उरत नाही.

मजकुराच्या कीजची तऱ्हा आणखी वेगळी. आकडे अक्षरांत लिहिले तर १० हा ९ च्या आधी येतो, कारण तुलना पहिल्या अक्षरापासून होते. तिथे पुढे शून्यं भरून लांबी सारखी करावी लागते: ०००९, ००१०. शिवाय सीच्या मजकुराच्या शेवटी एक शून्य बाइट असतो. लिहिताना तो लांबीत धरला आणि शोधताना धरला नाही, तर दोन्ही नावं पडद्यावर हुबेहूब सारखी दिसतात आणि तरी जुळत नाहीत.

मग गावांची नावं मराठी क्रमाने येतील का?

बरीचशी येतील. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत, देवनागरी अक्षरं साधारण वर्णमालेच्या क्रमानेच मांडलेली आहेत, आणि यूटीएफ-८ मध्ये (ते क्रमांक बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत) बाइटाने ताडलं तरी तो क्रम टिकतो. नाशिक जिल्ह्यातले तालुके असे येतात: इगतपुरी, कळवण, चांदवड, त्र्यंबकेश्वर, दिंडोरी, देवळा, नांदगाव, नाशिक, निफाड, पेठ, बागलाण, मालेगाव, येवला, सिन्नर, सुरगाणा. पंधराच्या पंधरा जागेवर.

गाडी अडते ळ पाशी. युनिकोडमध्ये ळ ला ल च्या शेजारी बसवलं आहे, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. त्यामुळे बाइटांच्या क्रमात कळवण आधी आणि कसबे सुकेणे नंतर, तर मराठी क्रमाने कसबे सुकेणे आधी हवं. निफाड-कळवण भागातली गावं यादीत शोधणाऱ्या माणसाला ती "गाळली" असं वाटतं. ती असतात, भलत्या जागी असतात.

दुसरी अडचण दिसायला सारख्या पण आत वेगळ्या नावांची. ऱ हे अक्षर एका चिन्हाने लिहिता येतं, आणि र ला नुक्ता देऊनही. दोन कीबोर्डांवरून भरलेलं एकच आडनाव इंडेक्समध्ये दोन जागी जाऊन बसतं. की बनवण्यापूर्वी मजकूर एकाच रूपात आणून घ्यायचा, म्हणजे हे मिटतं. क्रमासाठी आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीकडून मराठी नियमांप्रमाणे क्रम-की बनवून घेता येते. ती बाइटांनी ताडली की मराठी क्रम मिळतो. मूळ नाव माहितीच्या भागात ठेवायचं, कारण क्रम-कीवरून नाव परत मिळत नाही.

मात्र क्रमाचे नियम लायब्ररीच्या नव्या आवृत्तीत बदलू शकतात, आणि तसे बदलले तर जुना इंडेक्स चुकीचा ठरतो. २०१८ मध्ये लिनक्सवरच्या सीच्या मूळ लायब्ररीत, ग्लिबसी २.२८ मध्ये, असा बदल झाला आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरणाऱ्या अनेकांना मजकुराचे इंडेक्स पुन्हा बांधावे लागले. माझं मत विचाराल तर तालुका-गावाला सरळ क्रमांक द्यावेत, कीमध्ये तेच ठेवावेत आणि नावांची पाचशे-हजाराची यादी दाखवताना मेमरीत लावावी.

हातात आलेली की आपली नसते

एलएमडीबी की परत करते तेव्हा तिची प्रत देत नाही. फाइल मेमरीत मांडलेली असते आणि तिथल्या जागेचा पत्ता तेवढा मिळतो. लायब्ररीचा वेग बराचसा यातूनच येतो, आणि नवख्याची फजितीही. तो पत्ता ट्रान्झॅक्शन संपेपर्यंतच भरवशाचा. लिहिण्याच्या ट्रान्झॅक्शनमध्ये तर पुढचा बदल होईपर्यंतच. पाच हजार पत्ते ॲरेत साठवले, ट्रान्झॅक्शन बंद केला आणि मग छापायला घेतले, तर कधी बरोबर छापेल, कधी दुसरीच पट्टी छापेल, कधी प्रोग्राम कोसळेल. ठेवायचं असेल ते मेमसीपीवायने आपल्या जागेत उतरवून घ्यायचं.

त्या पत्त्यावर फ्री (मेमरी परत करणारं फंक्शन) बोलवायचं नाही, ती जागा लायब्ररीची आहे. जीडीबीएम या दुसऱ्या लायब्ररीत नेमकं उलटं: तिथे मिळालेली की आपणच फ्री करायची, नाहीतर मेमरी गळत राहते. आणि मिळालेल्या पत्त्याला थेट चार बाइटांचा आकडा समजून वाचू नका. तो चारने भाग जाणाऱ्या जागी असेलच असं नाही. इथेही मेमसीपीवाय.

जीडीबीएमचा विषय निघालाच आहे तर: तिथेही "पहिली की" आणि "पुढची की" अशी फंक्शन्स आहेत, पण ती लायब्ररी हॅशवर (कीवरून गणिताने जागा ठरवण्यावर) चालते, त्यामुळे कीज कुठल्याही क्रमाने येतात. सगळ्या मिळतात, ओळीने मिळत नाहीत. सोमवार ते शुक्रवार असा तुकडा तिथे मागता येत नाही.

वाचत असताना कोणी पट्टी लिहिली तर?

लिलाव चालू आहे, काटा चालू आहे आणि त्याच वेळी तक्ता निघतो आहे. एलएमडीबीत वाचणाऱ्याला ट्रान्झॅक्शन सुरू झाला त्या क्षणाचं चित्र शेवटपर्यंत दिसतं. नंतर लिहिलेल्या पट्ट्या त्याला दिसत नाहीत, आणि त्याच्यामुळे लिहिणाराही थांबत नाही. बेरीज जुळायची तर असंच हवं.

याची किंमत असते. जुनं चित्र कोणी पाहत असेल तोवर त्यातली पानं पुन्हा वापरता येत नाहीत. तक्त्याचा पडदा उघडा ठेवून माणूस जेवायला गेला आणि प्रोग्रामने ट्रान्झॅक्शनही उघडाच ठेवला, तर दुपारभराच्या नोंदी नव्या नव्या पानांवर जातात आणि फाइल फुगत राहते. एलएमडीबीच्या फाइलला कमाल आकार आधी ठरवून द्यावा लागतो. न सांगितल्यास तो फक्त १,०४,८५,७६० बाइट, म्हणजे १० एमबी. तो भरला की "मॅप फुल" येतं आणि पट्टी लिहिणंच बंद पडतं. दोष तक्त्याच्या खिडकीचा, रांग लागते काट्याच्या खिडकीवर. एसक्यूलाइट या डेटाबेसच्या वॉल पद्धतीतही, जिथे बदल आधी लॉग फाइलमध्ये लिहितात, लांबलेला वाचक लॉग फाइल वाढवत नेतो.

पडद्यावर दाखवायच्या यादीसाठी हजार नोंदी वाचाव्यात, शेवटची की आपल्याकडे उतरवून घ्यावी आणि ट्रान्झॅक्शन बंद करावा. पुढच्या हजारांसाठी नवा ट्रान्झॅक्शन, त्याच कीवर सेट रेंज, आणि तीच की मिळाली तर एक नेक्स्ट. हिशोबाच्या बेरजेला मात्र हे चालत नाही, तिथे एकच चित्र लागतं. म्हणून बेरीज एका दमात करा आणि छपाई नंतर. वाचण्याच्या ट्रान्झॅक्शनमधला कर्सर स्वतः बंद करावा लागतो, ट्रान्झॅक्शनबरोबर तो आपोआप जात नाही.

वाचता वाचता काही नोंदी काढूनही टाकायच्या असतील तर प्रत्येक लायब्ररीचा नियम वेगळा. जीडीबीएममध्ये फिरता फिरता की काढली तर रचना हलते आणि मधल्या काही कीज भेटतच नाहीत. आधी कीज गोळा करून नंतर काढणं कुठेही सुरक्षित.

एसक्यूएल असताना ही हमाली कशाला?

एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला काय हवं ते सांगायची भाषा, हाताशी असेल तर बहुतेकांना खरंच गरज नाही. एसक्यूलाइटला सोमवार ते शुक्रवार मागितलं की तो आतून हेच करतो: इंडेक्सवर सुरुवातीची जागा शोधतो आणि मर्यादेपर्यंत पुढे जातो. सी मधून स्टेप हे फंक्शन बोलवत राहायचं. ओळ मिळाली की १०० येतो, संपलं की १०१. पण वर सांगितलेले नियम तिथेही पाठ सोडत नाहीत. ऑर्डर बाय (क्रम सांगणारा भाग) लिहिलं नाही तर क्रमाची हमी नाही, आज बरोबर येत असला तरी. साधी मजकूर-तुलना तिथेही बाइटांचीच, म्हणजे कळवण आधीच.

क्वेरीपुढे (एसक्यूएलमधल्या मागणीपुढे) "एक्स्प्लेन क्वेरी प्लॅन" लिहून चालवा. उत्तरात "सर्च" आणि इंडेक्सचं नाव आलं तर ठीक. "स्कॅन" आलं आणि इंडेक्सचं नाव नाही, तर अख्खं टेबल चाळलं जातं आहे. "टेम्प बी-ट्री फॉर ऑर्डर बाय" दिसलं तर इंडेक्सचा क्रम कामी आलेला नाही, नोंदी पुन्हा लावल्या जात आहेत. बहुधा इंडेक्समधल्या रकान्यांचा क्रम उलटा आहे: तारीख आधी आणि बाजार नंतर असेल, तर एका बाजाराचा आठवडा त्यात सलग राहतच नाही.

आणि ऑफसेट टाळा. "३९,९५० सोडून पुढचे ५०" असं सांगितलं तर डेटाबेस ते ३९,९५० वाचतो आणि फेकतो. पहिलं पान झटकन, आठशेवं पान रखडत. मागच्या पानावरची शेवटची की लक्षात ठेवून "हिच्या पुढचे ५०" मागितले तर सगळी पानं सारख्याच वेळात येतात.

एसएसडी आल्यावर हा प्रश्न उरतो का?

कमी होतो, जात नाही. फिरत्या डिस्कवर जागा बदलायला काही मिलिसेकंद लागत, एसएसडीवर, जिच्यात फिरणारं काही नसतं, त्याहून फारच कमी. पण पंधरा हजार पानं आणि पंचावन्न पानं यातला फरक तसाच राहतो. शिवाय ओळीने वाचणाऱ्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीम पुढचा भाग आधीच आणून ठेवू शकते. इकडेतिकडे उड्या मारणाऱ्यासाठी तिला काही करता येत नाही.

उड्यांचा खरा त्रास होतो शेतकऱ्याच्या यादीत. एका खातेदाराच्या हंगामभराच्या पट्ट्या हव्यात, तर खातेदार क्रमांक आणि तारीख अशा कीचा दुसरा इंडेक्स लागतो. त्यातून ओळीने मिळते ती पट्टीची की. वजन आणि भाव पहिल्या झाडात असतात, तिथे प्रत्येक पट्टीसाठी निराळं उतरावं लागतं. एकाच्या साठ पट्ट्यांना हे कळतही नाही. सगळ्या खातेदारांचे उतारे एकदम काढायला घेतले की मात्र लाखो उड्या होतात. दुसऱ्या इंडेक्समध्येच वजन आणि भावाचे आठ बाइट ठेवले तर उड्या संपतात. बदल्यात फाइल मोठी होते, आणि पट्टी दुरुस्त झाली की दोन्ही जागी, एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, दुरुस्ती लिहावी लागते.

असा प्रोग्राम तपासायला मोठा डेटा लागत नाही. २५५, २५६ आणि २५७ नंबरच्या तीन पट्ट्या. महिन्याच्या ३१ तारखेची एक आणि १ तारखेची एक. पुढच्या कोडच्या बाजाराची एक. सुट्टीमुळे मधला एक दिवस रिकामा. आणि पूर्ण रिकामी फाइल. यादी सरळ काढा, उलट काढा, दोन-दोनच्या तुकड्यांत काढा. तिन्ही वेळा त्याच पट्ट्या, तितक्याच यायला हव्यात.